गाडीला पुसलंस का?

“काही कुरकुरली तर आधी पूस. न पुसता पुढे जाऊ नकोस,” गाडीची किल्ली माझ्या हातात देताना मामा म्हणाला होता.

त्याच्या डाव्या हातात पिवळं फडकं होतं आणि तो बोलता बोलता बॉनेट पुसतच होता. मी फडक्याकडे पाहिलं, आधीच आरशासारख्या चकचकीत झालेल्या बॉनेटकडे पाहिलं आणि म्हटलं, “मामा, तीन-तीन तासांनी दूध, मधल्या वेळात लंगोट, आणि आता गाडी पुसत बसू? पाऊस आला की धुऊन निघेल ती.”

मामा हसला. त्याला आताशा निम्मंच ऐकू येतं. उरलेल्या निम्म्यावर तो हसतो.

मामानं आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. ही शेवटची त्याची स्वतःची, चौदा वर्षांची, चंदेरी रंगाची. “मला आता कुठे जायचंय? तुझ्या मुंगीला लागेल,” असं म्हणून त्यानं ती देऊन टाकली.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. सात आठवडे आधीच जन्माला आली. काचेच्या पेटीत तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, “अगं, ही तर मुंगी आहे.” पुढे रीतसर नाव ठेवलं, पण हाक हीच राहिली. दर मंगळवारी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात न्यायचं असे. वजन, डोळे, श्वास, सगळं तपासायला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की गर्दीत नेऊ नका, खोकणाऱ्यांपासून लांब ठेवा. म्हणजे बस नाही. म्हणजे मामाची गाडी.

घरी मुंगी वीस मिनिटांच्या वर झोपायची नाही. गाडीत मात्र जादू व्हायची. घरातून निघताना डोळे टक्क उघडे, आणि रेल्वेच्या फाटकाशी पोचेपर्यंत मान कलंडलेली. ते फाटक एकदा पडलं की दहा-दहा मिनिटं उघडायचं नाही. पुढे ट्रक, मागे ट्रक. मी काचा घट्ट लावून, एसी चालू ठेवून बसायची आणि मागे हात घालून तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वासाचा तो कोमट धागा बोटाला लागला की माझा जीव भांड्यात पडायचा. मग मी दुसऱ्या हातानं माझं ठणकणारं कपाळ दाबायची. रात्रीची झोप नाही, डोकं दुखायचंच.

“गाडीत बसली की गुणाची होते हो,” मी सगळ्यांना सांगायची. सगळे म्हणायचे, “नशीबवान आहेस.”

मग तो दिवा लागला. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा. मला तो पाण्याच्या नळासारखा वाटला, म्हणून पहिले दोन दिवस मी गाडीत पाणी कुठे घालतात ते शोधत होते. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. गॅरेजवाल्याला आख्खी गल्ली दादा म्हणते. दादानं खिडकीतून वाकून पाहिलं, स्टिअरिंगखाली कुठेतरी एक वायर खुपसली, हातातल्या यंत्रावर दोन बटणं दाबली आणि म्हणाला, “पुसला. जा.”

“पण लागला का होता?”

“ताई, दिवा आहे म्हटल्यावर लागणारच. बंद पडला असता तर काळजी.”

मागे उभे असलेले दोघे हसले. मीही हसले. पाचव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. दादानं पुन्हा पुसला. “सेन्सर असतात, ताई. जुनी गाडी आहे, म्हातारं माणूस कण्हतं तशी कण्हते.” तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी त्याच्याकडे गेले नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आपलं स्वतःचं यंत्र घ्यायचं.

नवरा छापखान्यात आहे. कागदाचा गठ्ठा नुसता बोटानं चाळून किती पानं आहेत ते सांगतो, म्हणून त्याला यंत्रांची फारशी पत्रास नाही. “थर्मामीटर झाला,” तो बोटं मोजत म्हणाला, “वजनकाटा झाला, ऑक्सिजन मोजायचा बोटाचा चिमटा झाला. आता गाडीचा चिमटा. माझं काही मोजायचं राहिलं असेल तर सांग, रांगेत उभा राहतो.”

“तुझी अक्कल. पण एवढा बारीक काटा मिळत नाही बाजारात.”

“घे बाई, घे,” तो म्हणाला. म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, पण वाद संपला.

मुंगीच्या दुधाच्या वेळा लिहायच्या वहीत मागच्या पानापासून मी यंत्रांची टिपणं काढायला लागले. चार दिवस हेच. तिला छातीशी धरून एका हातानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं. घरच्या वापराचे स्कॅनर तीन तऱ्हेचे असतात एवढं कळलं. एक अंगठ्याएवढा, गाडीला लावून ठेवायचा आणि फोनवर बघायचा. हा सर्वांत स्वस्त, पण मधेच फोनशी संबंध तोडतो, विसरून तसाच लावून ठेवला तर बॅटरी खातो, आणि माझा फोन गाडीत मला मोकळाच हवा होता. दुसरा वायरवाला, हातात मावणारा, त्याला स्वतःचाच छोटा पडदा. तिसरा पाटीएवढा, सगळं जाणणारा. त्याला दरवर्षी नव्यानं पैसे भरून शहाणं करावं लागतं.

टिपणं घेऊन मी सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरमागे एक बाई होत्या. चष्म्याला दोरी, केसात पेन्सिल, मागे छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. त्यांनी आधी मुंगीकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे.

“गाडीचा जन्म कुठल्या सालचा?”

मी साल सांगितलं.

“बरं. आता खरं सांगा. दिवा घालवायचाय, का दिव्याला बोलतं करायचंय?”

हा प्रश्न मला चार दिवसांत कुठे वाचायला मिळाला नव्हता. मी म्हटलं, “बोलतं करायचंय.”

त्यांनी तीन खोकी काढून काउंटरवर मांडली. “हे वाचतं आणि पुसतं. संपलं. दादा लोकांना पुरतं. हे वाचतं, पुसतं, शिवाय गाडी चालू असताना आत काय चाललंय त्याचे हलते आकडे दाखवतं. गाडीला नुसता संशय आला असेल, दिवा अजून लावला नसेल, तर तो संशयही सांगतं. आणि बिघाड झाला त्या क्षणी गाडी कशी होती त्याची नोंद काढून देतं. आणि हे तिसरं घेतलंत तर उद्यापासून तुम्ही इथे बसा, मी तुमच्या बाळाला सांभाळते.”

“रंगीत पडदा आहे का मधल्याला?”

“रंगीत पडदा नवऱ्याला दाखवायला लागतो. तुम्हाला आकडे हवेत ना? संशय, त्या क्षणाची नोंद आणि हलते आकडे, एवढ्या तीन गोष्टी बघायच्या. बाकी खोक्यावर काय लिहिलंय ते खोक्यालाच वाचू द्या.”

मग त्या काउंटरच्या बाहेर आल्या, माझ्या गाडीत वाकल्या आणि यंत्र लावून बघितलं. “गाडीशी बोलतंय. नाहीतर घरी जाऊन परत यायला लागतं लोकांना.” किंमत मुंगीच्या महिन्याभराच्या लंगोटांएवढी होती. बटणांवर इंग्रजी होतं, म्हणून त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले, केसातली पेन्सिल काढून त्यांवर लिहिलं आणि बटणांखाली चिकटवले. एकावर ‘वाचा’. दुसऱ्यावर ‘पुसा’.

तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. दुपारी चारला मुंगीला पोटाशी बांधून मी गाडीत बसले, स्टिअरिंगखालचं तोंड चाचपडून शोधलं आणि वायर लावली. पडदा उजळला. दोन बटणं समोर. वाचा. पुसा.

आणि माझ्या कानात मामा स्पष्ट बोलला. आधी पूस. न पुसता पुढे जाऊ नकोस.

म्हणजे मामाला हे म्हणायचं होतं तर! मला त्याचं एवढं कौतुक वाटलं. फडक्याचं नाव करून माणसानं केवढी तंत्राची गोष्ट सांगून ठेवली, आणि मी पावसाच्या गप्पा मारल्या. मी ‘पुसा’ दाबलं. पडद्यानं विचारलं, खात्री आहे का? गॅस बंद केलाय का याची तीनदा खात्री करणारी मी, तिथे डोळे झाकून हो म्हटलं. दिवा गेला. मी मुंगीच्या टाळूचा पापा घेतला आणि मामाला फोन लावला.

“मामा, दिवा लागला होता!”

“काय लागलं? कुठे लागलं?”

“लागलं नाही, दिवा! गाडीचा दिवा!”

“अच्छा. मग? गाडीला पुसलंस का?”

“लगेच पुसलं. तू म्हणाला होतास तसं, आधी पुसलं.”

“शाब्बास. मग काय म्हणाली?”

“कोण?”

“कोण काय! गाडी. गाडी काय म्हणाली?”

मी पडद्याकडे पाहिलं.

“मामा, मी पुसलं. म्हणजे… खोडलं. सगळं गेलं. शून्य दाखवतंय.”

मामा म्हणाला, “अगं वेडाबाई, पूस म्हणजे विचार! आजी आपली दारावर आलेल्याला पाणी पुसायची, ते काय फडकं घेऊन? विचारपूस म्हणतेस ना तू? त्यातली पूस.”

मला शब्द ठाऊक नव्हता असं कसं म्हणू? आजीचा ‘जेवलास का पुसलं, तर उत्तर नाही’ हा सूर अजून माझ्या कानात आहे. पण समोर बटण होतं आणि बटणाला एकच अर्थ असतो.

“ती बोलायला लागली आणि तू तिच्या तोंडावर हात ठेवलास,” मामा म्हणाला. “तो तुझा दादाही तेच करत असणार. आता ती पुन्हा बोलेपर्यंत पोरीला तीत बसवू नकोस.”

“उद्या मंगळवार आहे.”

“मंगळवार पुढच्या आठवड्यातही येतो,” मामा म्हणाला. “उद्या मी येतो. आपण दोघं जाऊ, आणि तिला नीट पुसू.”

हॉस्पिटलात फोन करून मी गुरुवारची वेळ घेतली. नवऱ्यानं सुट्टी टाकली. मंगळवारी सकाळी मुंगीला कडेवर घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “जा, गाडीची मुलाखत घेऊन या. पगार किती मागते तेही विचारा.” पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मी हट्ट धरला की सगळं दर मंगळवारसारखंच करायचं. तीच वेळ, काचा बंद, एसी चालू, पंखा दोनवर. मुंगीची खुर्चीसुद्धा मागे होती, रिकामी, पट्टा लावलेली. मामा शेजारी बसला, चष्मा घातला, यंत्र मांडीवर घेतलं. मी किल्ली फिरवली.

आणि पडद्यावर गाडी जागी झाली.

दुसरा शब्द मला सुचत नाही. आकड्यांची एक ओळ लागली आणि प्रत्येक आकडा हलायला लागला. पाण्याचं तापमान चोवीस. पंचवीस. सत्तावीस. इंजिनाचे फेरे, आत जाणारी हवा, पाय किती दाबलाय तेही. मी ॲक्सिलरेटरला नुसता अंगठा टेकवला तरी तिकडे आकडा दचकायचा. एक रेषा होती, धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरची. ती वर-खाली, वर-खाली अशी न थांबता चालली होती. पाचव्या महिन्यात अंधाऱ्या खोलीत पोटावर यंत्र टेकवून डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मुंगीचे ठोके ऐकवले होते. लहानसा घोडा लांबून दौडत यावा तसे. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, की हे माझ्या आत चाललंय आणि मला पत्ताच नाही. तोच काटा आता आला. या पत्र्याच्या आत इतकं सगळं घडत होतं, आणि गाडी सेकंदागणिक ते सांगत होती. ऐकायला कुणी नव्हतं एवढंच.

“हे ती रोज बोलत होती?” मामानं विचारलं.

“रोज. बोलत होतीच.”

“मला कानानं यातलं चार आणे कळायचं,” तो म्हणाला. “आणि त्या चार आण्यांवर लोक मला उस्ताद म्हणायचे.”

कोपऱ्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा त्यानं खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. पूर्वी त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून तो बिघाड सांगायचा. त्यानं ते टोक डॅशबोर्डला टेकवलं, मूठ कानामागे धरली, डोळे मिटले. हिरवा दिवा लागला. त्यानं स्क्रूड्रायव्हर पुसून पुन्हा खिशात ठेवला आणि पुन्हा यंत्राकडे पाहिलं.

मोकळ्या रस्त्यावर सगळे आकडे शहाण्यासारखे वागले. मग फाटक आलं. पडलेलं होतंच. पुढे ट्रक, मागे ट्रक. मी गाडी उभी केली.

“हा बघ,” मामानं एका आकड्यावर नख ठेवलं. इंजिनाला किती जास्तीचं इंधन द्यावं लागतंय त्याचा तो आकडा. मगाशी दोन-तीनवर होता. आता सहा. नऊ. “तिला वाटतंय, आपल्या पोटात हवा जास्त झाली. म्हणून इंधन वाढवतेय.” बारा. पंधरा. “वाढवतेय, तरी समाधान नाही.” एकोणीस. बावीस.

दिवा लागला नाही. पण मामानं ‘वाचा’ दाबलं तेव्हा पडद्यावर एक ओळ आली, आणि तिच्यापुढे संशयाची खूण होती. दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या तशी. गाडीनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिच्या मनात पाल चुकचुकली होती. त्या ओळीखाली त्या क्षणाची नोंद उघडली. वेग शून्य. फेरे सातशे ऐंशी. पाणी चौऱ्याण्णव. आणि इंजिन सुरू होऊन किती वेळ झाला, तर अठरा मिनिटं.

मी ती ओळ दोनदा वाचली. मुलं कधी रडली, कधी झोपली, कधी शी केली हे आया लिहून ठेवतात. या गाडीनंही लिहिलं होतं. किती मिनिटांनी, कुठल्या उकाड्यात, उभी असताना का चालताना. मी काल जे पान खोडलं, तेही असंच नीटनेटकं लिहिलेलं असणार.

“दोनच गोष्टी असू शकतात,” मामा सावकाश म्हणाला. “एक, आत येणारी हवा कुठल्यातरी फाटक्या नळीतून जास्तीची शिरतेय. ते सोपं. नळी बदलू. दुसरी म्हणजे धूर बाहेर पडतो त्या वाटेवर, अगदी मुळाशी, भेग आहे. भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला चकवते. आणि हवा ज्या वाटेनं आत येते…”

तो थांबला. माझ्याकडे वळला.

“तुझं डोकं दुखतंय का?”

“हो. ते रोजचंच आहे, मामा. झोप नाही ना.”

“रोज? की मंगळवारी?”

मी आठवायला लागले. परवा रविवारी रात्रभर जागी होते, सोमवारी डोकं दुखलं होतं? नाही. शनिवारी? नाही. त्याच्या आधीच्या मंगळवारी औषधाची गोळी घेतली होती. त्याच्या आधीच्याही. वहीत नोंद आहे, कारण दूध पाजते म्हणून मी प्रत्येक गोळी लिहून ठेवते. सगळ्या मंगळवारच्या.

मामानं एसीच्या जाळीवर तळहात ठेवला. मग एका पाठोपाठ एक चारही काचा खाली केल्या. धूळ आत आली, ट्रकांचा आवाज आत आला. मी मागे वळून पाहिलं. रिकामी खुर्ची, लावलेला पट्टा. अठरा मिनिटं. मुंगी नेमकी इथेच झोपायची. गुणाची पोर. मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे याचं समाधान मानायची, आणि तो श्वास ती काय आत घेतेय ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“इंजिन बंद कर,” मामा म्हणाला. मला किल्ली सापडेना. ती समोरच होती.

गाडी ढकलत कडेला लावली. दोन ट्रकवाल्यांनी हात लावला. दादानं येऊन ती ओढून नेली. गार झाल्यावर त्यानं वरचं पत्र्याचं झाकण काढलं आणि बॅटरीच्या उजेडात आम्हाला जागा दाखवली. इंजिनातून धूर जिथे पाइपात उतरतो तो बिडाचा तुकडा. मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या बगलेत केसाएवढी भेग, आणि भेगेभोवती काजळाचं बोट ओढल्यासारखा काळा पट्टा. तिथून वीतभर वर गाडीत हवा ओढणाऱ्या पंख्याचं तोंड. पळत्या गाडीत धूर मागे उडून जायचा. उभ्या गाडीत तो सरळ वर चढायचा, आमच्याकडे.

दादा बराच वेळ उकिडवा बसून होता. “ताई, मी कधी वाचलंच नाही,” तो म्हणाला. “दोनदा आलात. दोन्ही वेळा पुसत राहिलो.”

तिसऱ्यांदा तर मीच पुसलं होतं.

गुरुवारी टॅक्सीनं हॉस्पिटल गाठलं. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर दोन, जुळी, एकसारखी टोपडी घातलेली. दोन्ही झोपलेली. “कशी हो झोपवता?” मी सहज विचारलं. “घरी नाही हो झोपत. गाडीत बसलं की लगेच. इथे उतरवेपर्यंत डोळे उघडत नाहीत.” मी विचारलं, गाडीत पिवळा दिवा लागतो का? ती हसली. “नळासारखा? तो ना? दोन वर्षं आहे. आमचे गॅरेजवाले म्हणतात, जुन्या गाड्यांचा असतोच.” मी बोलायला तोंड उघडलं आणि आतून मुंगीच्या नावाचा पुकारा झाला. “थांबा हं, जाऊ नका, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” एवढं म्हणून मी आत गेले.

आत डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हातातलं पेन खाली ठेवलं. मुंगीच्या डोळ्यांपुढून उजेड फिरवला, तिच्या मुठीत बोट दिलं, छाती ऐकली, पुन्हा ऐकली. “आता रक्तात काही सापडणार नाही, बरेच दिवस झालेत,” त्या म्हणाल्या. “पण सगळं जिथल्या तिथे आहे. बघा कशी बोट सोडत नाही.” मी म्हटलं, “पण मी दर वेळी इथे पोचल्यावर तिला चिमटा लावायची. नव्याण्णव यायचे.” त्यांनी मान हलवली. “तो चिमटा या धुराला फसतो. रक्तात प्राणवायूच्या जागी धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, बसला तरी तो नव्याण्णवच दाखवतो.”

नव्याण्णव. मी त्या आकड्यावर विश्वासून घरी जायची आणि देवाचे आभार मानायची. आणि ज्या दिव्याला गल्लीभर लोक हसत होते तो खरं बोलत होता. मुंगी डॉक्टरीणबाईंचं बोट ओढून तोंडात घालायला बघत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले. कशाच्या किती जवळून ती परत आली होती आणि तिला त्याची दखलही नव्हती. मला भीती वाटली, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. त्याला शब्द असेल तर मामाच्या पिढीला माहीत असेल.

बाहेर आले तर बाक रिकामा. दारापर्यंत धावले. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती.

त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही नवा मॅनिफोल्ड बसवलेल्या गाडीतून निघालो. दादानं तो दोन दिवस हातातली कामं सोडून बसवला होता. फाटक पडलेलं होतं. मांडीवर यंत्र होतं. इंधनाचा आकडा एक. दोन. शून्य. पुन्हा एक. पहाटेच्या तळ्यासारखा स्थिर. आणि मागच्या खुर्चीत मुंगी टक्क जागी होती आणि घसा फोडून रडत होती. फाटकापासून हॉस्पिटलपर्यंत रडली. पुढच्या ट्रकवाल्यानं मागे वळून माझ्याकडे दयेनं पाहिलं. मला वाटलं, काच खाली करून त्याला सांगावं, ऐका हो, ऐका, जागी आहे ती.

हॉस्पिटलात ती बाई नव्हती. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नव्हती. जुळ्यांचं नाव मला माहीत नाही. नर्स म्हणते, दुसऱ्यांचा फोन नंबर देता येत नाही, आणि तिचंही बरोबर आहे. मी रोज बाहेर पडले की गाड्यांत डोकावून बघते. नवरा म्हणतो, एक दिवस कुणीतरी तुला चोर समजेल.

म्हणून हे लिहिलंय. जुळी असलेली बाई, पंचविशीची असेल, उजव्या गालावर तीळ. गाडी जुनी, बहुधा निळी, कारण मांडीवरच्या किल्लीला निळ्या गाडीचं चित्र होतं. दोन्ही पोरं फक्त गाडीतच झोपतात असं ती कौतुकानं सांगते. ती तुमच्या इमारतीत राहत असेल, तुमच्या बहिणीची मैत्रीण असेल, तुमच्या ऑफिसातल्या कुणाची सून असेल. ओळखत असाल तर कृपा करून आजच तिच्याकडे जा. काचा उघड्या ठेवायला सांगा, ती गाडी तपासून होईपर्यंत बंदच ठेवायला सांगा. आणि ती दोन्ही पोरं कशी आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.